बाटलेली तूर

माणूस गाव सोडतो, पण गाव त्याच्या पेशीपेशीत वस्तीला असतं, असं सत्काराच्या भाषणांत सांगतात. माझा अभ्यासच पेशींचा आहे. जनुकशास्त्र आणि रेणवीय जीवशास्त्र अशा लांबलचक नावाच्या विषयात मी पीएच.डी. केली, पेशी फोडून आत काय आहे ते पाहणं हे माझं रोजचं काम. आत गाव नसतं. आमच्या रिठद गावाहून माझ्याबरोबर जे आलं ते एका पिशवीत होतं: जवसाची चटणी, लाल तिखट आणि घरच्या तुरीची डाळ. पिशवी आईनं बाबांच्या जुन्या खाकी पँटीची शिवली होती.

बाबा एसटीत कंडक्टर. सगळी नोकरी रिसोड डेपोत गेली. मला हैदराबादच्या गाडीत बसवून द्यायला ते वाशीमच्या स्टेशनवर आले तेव्हा त्यांनी फलाटावरून गाडीकडे दुसऱ्या कंपनीचा माल पाहावा तसं पाहिलं. "याच्यात कंडक्टर कुठी असते? मंग लोकाईले पुढं कोन सरकवते?" मी म्हटलं, टीसी असतो. बाबा म्हणाले, "तो निस्ता संशय घेते." तेवढ्यात दारात गर्दी झाली, आणि बाबांनी सवयीनं आवाज लावला: "दारात थांबू नका, पुढं सरका, अंदर जागा हाय!" अनोळखी माणसं मुकाट्यानं सरकली. मग खिडकीशी येऊन मला म्हणाले, "तू बी दारात थांबू नको. पुढं सरकत जाय." एका सत्कारात मला वडिलांनी दिलेला जीवनमंत्र विचारला, तेव्हा मी हेच सांगितलं आणि टाळ्या पडल्या. खरं तर ते फक्त दार मोकळं करत होते.

आईही आली होती. गाडी हलल्यावर म्हणाली, "डाळ लवकर शिजते आपली, पाणी बेतानं घालजो." आईनं दिलेला जीवनमंत्र कोणी विचारत नाही, पण उपयोगी पडला तो हाच.

मी नेमकं काय शिकायला चालले आहे, हे गावात सांगताना बाबांनी फार शब्द वाया घालवले नाहीत. "तुरीवर डॉक्टर होऊन राह्यली." लोक म्हणत, "मंजे तुरीले सुई टोचते काय?" बाबा म्हणत, "हो, आन तुलेबी टोचन, थांब." त्यात चुकीचं फारसं नव्हतं. तुरीला मर रोग होतो. उभं झाड, फुलाला आलेलं, एका बाजूनं सुकत जातं आणि वाळून काटकी होतं. मातीतली बुरशी मुळातून शिरते. आमच्या वावरात हे मी लहानपणापासून पाहत आले. बांधाच्या झुडपांत वाढणारी रानतूर मात्र त्याच मातीत मजेत असते, पण तिच्या बारीक, केसाळ शेंगांकडे शेळीशिवाय कोणी पाहत नाही. त्या रानतुरीतला गुण शेतातल्या तुरीत आणायचा, हा माझा विषय.

इथं एका शब्दाबद्दल सांगावं लागेल. बियाण्याच्या दुकानात पहिला प्रश्न असतो, "कोणती जात पायजे?" तुरीची जात, सोयाबीनची जात, हरभऱ्याची जात. माझ्या आजोबांनी, आबाजींनी, छप्पन साली बुद्धाचा धम्म घेतला तेव्हा घरात एक नियम केला: जात हा शब्द आपल्या घरात यापुढे फक्त बियाण्यासाठी वापरायचा. माणसासाठी कोणी वापरला तर आबाजी विचारत, "कोणत्या पिकाची?" पाहुण्यांना ते उद्धट वाटे. त्यांना तसं वाटावं म्हणूनच आबाजी विचारत. गावानं मात्र हा शब्द इतका काटकसरीनं वापरायचं कधी मनावर घेतलं नाही.

हैदराबादेत भाषेची अडचण येईल असं सगळ्यांना वाटत होतं. आली, पण मराठीची. रिक्षावाल्यांशी माझं पहिल्या दिवसापासून जमलं. आमच्या बोलीत हिंदी-उर्दू आधीच इतकी मुरलेली की त्यांना मी पाहुणी वाटलेच नाही. अडचण होती प्रयोगशाळेतल्या पुण्याच्या केतकीची. ती माझी सीनियर आणि स्वभावानं चांगली. मी "मले" म्हटलं की ती प्रेमानं "मला" म्हणायची. "राह्यली" म्हटलं की "राहिली". चांगल्या माणसाला थांबवणं अवघड असतं. वर्षभरात मी दिवसा "मला" आणि फोनवर "मले" म्हणायला लागले.

आमच्या शास्त्रातही हाच कार्यक्रम असतो. शेतातल्या सुधारित तुरीला आम्ही एलीट म्हणतो आणि रानतुरीला वाइल्ड. एलीट आई आणि वाइल्ड बाप यांचा संकर करायचा. त्या संततीचा पुन्हा एलीटशी संकर, तिच्या संततीचा पुन्हा एलीटशी. असं करत करत रानतुरीचा वास, केस, आडमुठेपणा सगळं घालवायचं आणि तिचा कामाचा तेवढा गुण ठेवून घ्यायचा. याला बॅकक्रॉस म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझ्या प्रवेशाचे नियम वाचून दाखवताहेत.

घरी फोनवर कामाबद्दल बोलणं ही वेगळीच कसरत. डीएनएचे तुकडे वेगळे करायला आम्ही एक पारदर्शक लगदा वापरतो, त्याला जेल म्हणतात. एकदा मी सहज म्हणाले, दिवस सगळा जेलमध्ये गेला. मग आई म्हणाली, "जेलात कायले गेलती व? काय केलं तुनं?" तिला समजावून सांगेपर्यंत बाबांनी वाशीमच्या ओळखीच्या वकिलाला फोन लावला होता.

आणि मग रोगाचं वावर. आमच्या संस्थेत जमिनीचा एक तुकडा मुद्दाम रोगट ठेवलेला असतो. मर रोगाची बुरशी तिथं जपून वाढवतात आणि नवीन झाडं त्यात लावून बघतात. माझी झाडं तिथं लावली त्या हंगामात आजूबाजूची एलीट तूर ओळीनं वाळली. माझ्या ओळी हिरव्या राहिल्या. मी रोज सकाळी जाऊन त्यांच्याकडे पाहायची. आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या गाईड, म्हणाल्या, "लगेच खूश होऊ नकोस." मी लगेच झाले.

त्यानंतर आढावा समितीची बैठक होती. अध्यक्ष मोठे होते. ज्या एलीट तुरीला मी आई म्हणून वापरलं होतं, ती जात त्यांनीच पूर्वी काढलेली. आधी दीप, मग शाल, मग नारळ, मग परिचय. परिचय संपेपर्यंत माझ्या वाट्याचा वेळ संपत आला होता. मी झाडांचे फोटो दाखवले. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि इंग्रजी सोडून मराठीत आले, म्हणजे ते आपुलकीनं बोलत होते.

"पोरी, हे बाटलंय."

शास्त्रात याला कंटॅमिनेशन म्हणतात. मधमाशी दुसऱ्याच कुठल्या तरी तुरीचे पराग आणते आणि आपल्याला वाटतं संकर जमला. हे होतं, म्हणून तर कळ्यांना आम्ही जाळीच्या पिशव्या बांधतो. शंका रास्त होती. पण ते पुढं म्हणाले, "तुमच्याकडे ही शिस्त जरा कमीच असते. टाकून दे हे. काहीतरी सोपं घे."

तुमच्याकडे म्हणजे कोणाकडे, हे त्यांनी सांगितलं नाही. वऱ्हाडात? आमच्या प्रयोगशाळेत? की केतकी जिथून आली नाही आणि मी आले, तिथं? खोलीत सगळ्यांनी आपापल्या वहीत पाहिलं. टाकून द्यायचं म्हणजे फेलोशिपची मुदत संपेपर्यंत नवीन काही उभं राहणार नव्हतं. म्हणजे पदवीविना परत. रिठदला "तुरीवर डॉक्टर"चं काय झालं, हे बाबांना बसच्या दारादारात सांगावं लागलं असतं.

त्या रात्री घरी फोनवर मी बराच वेळ बोलले, आणि दिवसाचं "मला" आणि फोनवरचं "मले" यांची सरमिसळ करत खूप मोठ्यानं बोलले. बाबांनी मधेच थांबवलं. मग म्हणाले, "बोंबलू नको. ज्याच्यापाशी तिकीट नसते, तो बोंबलते. तुयापाशी तिकीट हाय का नाही?"

"हाय."

"मंग दाखव नं."

तिकीट म्हणजे डीएनए. मी रोगाच्या वावरातल्या माझ्या प्रत्येक झाडाचं पान घेतलं. पुन्हा जेल, पुन्हा आईचे उसासे. जेलवर प्रत्येक आईबापाची खूण पट्ट्यांच्या रूपात दिसते. माझ्या झाडांत सगळीकडे एलीट आईच्या पट्ट्या होत्या आणि एका जागी रानतुरीची. तिसऱ्या कोणाची पट्टी कुठेच नव्हती. मधमाशी आली नव्हती.

तुलनेसाठी एलीट तुरीचं मूळ बियाणंही तपासावं लागतं. माझी आई-झाडं मी तपासून निवडलेल्या एकाच झाडापासून वाढवली होती, पण तुलनेला अध्यक्षांच्या केंद्रातून आलेलं सीलबंद पाकीट फोडलं. शुद्ध, असं त्यावर छापलेलं. ते बी उगवलं, तर त्यातल्या कित्येक रोपांत तिसरीच, कुठल्या तरी परक्या तुरीची पट्टी होती. मला चूक वाटली. मी पुन्हा केलं. मग केतकीला करायला दिलं, कारण तिची शिस्त कमी नसते. तिलाही तेच आलं. जेलकडे पाहत ती म्हणाली, "तू हे त्यांना दाखवणार?" मी म्हटलं, "दाखवीन नं. मले कायचं भेव?" तिनं दुरुस्त केलं नाही.

पुढच्या बैठकीत पुन्हा दीप, शाल, नारळ. मी आधी माझी झाडं दाखवली. मग ते पाकीट. अध्यक्षांनी पट्ट्यांकडे बोट केलं. "ही तिसरी कुठून आली?"

बाटलंय, हा शब्द माझ्या तोंडाशी होता. आबाजींनी तो घरात कशासाठीच ठेवला नव्हता, बियाण्यासाठीसुद्धा नाही. मी तो गिळला. बाकी काही गिळलं नाही.

"मधमाशी शिरली असन, सर," मी म्हणाले. "तुमच्याकडे."

मॅडमना खोकला आला. अध्यक्ष पुन्हा इंग्रजीत गेले. इंग्रजीत ते म्हणाले की काम समाधानकारक आहे. सही झाली. शाल त्यांचीच होती, ती ते घेऊन गेले.

पदवीदानाला आई-बाबा आले. मला झगा आणि टोपी मिळाली. त्यात मी वावरात उभ्या केलेल्या बुजगावण्यासारखी दिसत होते. सभागृहाच्या दारात कुलगुरूंच्या मिरवणुकीची कोंडी झाली, आणि मागून खणखणीत आवाज आला, "दारात थांबू नका, पुढं सरका!" कुलगुरू सरकले.

तुम्ही जे गावात राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे कुठं कुठं जाऊन प्रयोगशाळांत बसलात, तुम्ही मला विचारता की आता घर कुठलं. मी हैदराबादेतच नोकरी करते. डाळ बाजाराची खाते आणि ती शिजता शिजत नाही. दिवसाही आता "मले" म्हणते. ज्याला दुरुस्त करायचं त्यानं करावं, मी कामात असते. घर म्हणजे काय हे मला गेल्या हंगामात कळल्यासारखं वाटलं. संस्थेच्या परवानगीनं मी माझ्या तुरीचं मूठभर बियाणं रिठदला नेलं आणि बाबांनी आमच्या वावरात त्याचं एक तास, म्हणजे एक ओळ, लावलं. शेजारच्या बबनरावांची तूर मर रोगानं जागोजाग वाळली. आमचं तास हिरवंगार. बबनराव धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावर, येऊन उभे राहिले. त्यांच्या घराशी आमच्या घराचं बोलणं पिढ्यान्‌पिढ्या धुऱ्यावरूनच होत आलं आहे.

"मस्त हाय. कोणती जात हाय हे?"

या तुरीला अजून नाव मिळालेलं नाही. फक्त एक क्रमांक आहे. बाबांनी पाठ सरळ केली. आबाजी गेले तेव्हापासून ते या प्रश्नाची वाट पाहत होते असं मला वाटलं.

"याले जात नाही," बाबा म्हणाले.

"बिनजातीचं कसं राहीन बाप्पा?"

"राह्यते. आमी राह्यलोच नं."

बबनराव हसले, मग हसायचे थांबले, मग म्हणाले, "थोडं बी देजा मले." बाबा म्हणाले, "देतो नं." मी बांधावर उभी होते. मला वाटलं, घर म्हणजे हेच वावर, हाच धुरा आणि हे उत्तर. यातून मला आता कोणी सरकवू शकत नाही.

शेंगा भरत आल्या तेव्हा रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप आला आणि दोन्ही वावरांतली तूर सारखीच खाऊन गेला.