माझी डावी नडगी

माझ्या डाव्या पायाला गुडघ्याखाली चार बोटांवर एक उंचवटा आहे. नडगीचं हाड तिथं बाहेर आलंय आणि तिथून खाली पाय थोडा आत वळतो. पोटरी उजवीपेक्षा बारीक आहे. उभी राहिले तर साडीत काही दिसत नाही, चालले की दिसतं. हा पाय मायमुळं असा झाला, असं आमच्या घरात सगळे म्हणायचे. सगळ्यात जास्त मी म्हणायचे.

मी चौथी पास झाले त्या वर्षीची गोष्ट. एक्क्याऐंशी-ब्याऐंशी साल असेल. कापसाने भरलेली गाडी घराकडं येत होती आणि मी वर बसले होते. वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, बैल हाकत होते. नाल्याच्या उतारावर मी गंमत म्हणून उडी मारली. पाय दोन दगडांच्या मधे अडकला आणि अंग पुढं गेलं. कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला.

मंठ्याला दवाखाना होता. पण हाड मोडलं की आमच्याकडं दवाखान्यात नेत नसत, तिथं पाय कापतात म्हणायचे. शेजारच्या गावातून हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्याला आणलं. त्यानं अंगठ्यानं नडगी चाचपली, दोघांना मला धरायला लावलं आणि पाय ओढला. मग अंड्याचा आणि हळदीचा लेप, वर बांबूच्या कामट्या, आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुताची दोरी. आवळताना त्यानं कामट्यांवर पाय रोवला होता. जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ही गाठ मी बांधली, मीच सोडणार. एकवीस दिस कोणाचा हात लागता कामा न्हाई. लागला की माझ्या हाताचा गुण गेला."

दुसऱ्या दिवशी पोटरी आतून फुटायला लागली. मी ओरडले की दादा म्हणायचे, "हाड जुडून राह्यलं. दुखंलच." तिसऱ्या दिवशी दुखायचं थांबलं. मला बरं वाटलं. मायला नाही वाटलं. दादा शेतात गेल्यावर ती माझ्या पायाशी बसली. बोटं निळी पडली होती. तिनं नख दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग बाहेर जाऊन बाभळीचा काटा आणला आणि माझ्या अंगठ्यात टोचला.

"टोचलं का?"

"काय?" मी म्हणाले.

तिनं आणखी खोल टोचला. मी तिच्याकडं नुसती बघत राहिले.

मायनं दाराला कडी घातली. गाठी हातानं सुटेनात तेव्हा दातानं सोडल्या. कामट्या तशाच ठेवून तिनं दोरी सैल केली, आत जुन्या धोतराची घडी घातली आणि परत बांधलं. थोड्या वेळानं रक्त खाली उतरलं असावं. पायात निखारे भरल्यासारखं झालं. मी एवढी किंचाळले की शेजारणी दार वाजवायला लागल्या. तिनं दार उघडलं. दोरीची गाठ बदललेली सगळ्यांनी पाहिली.

संध्याकाळी दादांनी तिला बैलाच्या कासऱ्यानं मारलं. मी बाजेवर पडून बघत होते. माझा पाय जळत होता, तो तिनंच जाळला होता, म्हणून ती मार खातेय याचं मला काही वाटलं नाही. खरं लिहायचं तर बरंच वाटलं.

एकविसाव्या दिवशी म्हातारा आला. त्यानं पाय मोकळा केला, वाकडं जुळलेलं हाड पाहिलं आणि विचारलं, "कोणी हात लावला?" मी मायकडं बोट केलं.

"मंग मला कामून बोलावलं?" तो म्हणाला आणि नारळ घेऊन गेला.

पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती, तीन मैल. तेवढं चालवेना, शाळा सुटली. पोरं मला दीडपायी म्हणायची. मी कोणाला उलटून बोलत नसे. परक्या माणसासमोर माझा आवाज फुटत नाही, अजूनही नाही. दादांशी तर मी उभ्या जन्मात पुरतं एक वाक्य बोलले नसेन. जगात सगळ्यांसमोर मी लाजरी होते, मायसमोर नव्हते. तिला मी वाटेल ते बोलायचे. तिनं ताटात भाकरी वाढली की म्हणायचे, "पाय मोडून खाऊ घालती." एकदा तिला ताप होता, थरथरत होती, तरी मी पाय पुढं केला आणि तिनं उठून तेल लावून दिलं.

दादांची एक ठरलेली थट्टा होती. पाहुणा आला की मला पाणी आणायला लावायचे, आणि मी चालत आले की म्हणायचे, "पहा, हे आमच्या बायकोचं डॉक्टरपण." पाहुणे हसायचे. माय चुलीपुढं असायची. तिला ऐकू जायचं.

पाय असा म्हणून मला बिजवर मिळाला, बदनापूरकडचा. माणूस वाईट नाही. सासू लग्नात मायला म्हणाली, "तुमीच बिघडवलं, तुमीच आमच्या गळ्यात घातलं." मायनं हात जोडले.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. हातपंपापाशी पाय घसरून त्याच पायावर मी पडले. नवऱ्यानं जालन्याला नेलं. मोडलं नव्हतं, मुका मार होता. पण डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो खिडकीच्या उजेडाला धरला आणि विचारलं, "हे जुनं कसलं?"

मी पदर तोंडाशी धरला. नवराच बोलला. "साहेब, लहानपणी वैदूनं चांगलं बांधलं होतं. हिच्या मायनं सोडलं. म्हणून वाकडं झालं."

"कधी सोडलं?"

"तिसऱ्या दिवशी," मी हळूच म्हणाले.

"बोटं कशी होती?"

"निळी. काटा टोचला तरी कळत नव्हतं."

डॉक्टरांनी मला जवळ बोलावून फोटो दाखवला. गुडघ्याखाली हाडं दोन असतात, हे मला तेव्हा कळलं. पुढची जाड नडगी आणि तिच्या बाजूला बारीक दुसरं, पोटरीच्या मांसात दडलेलं. दोन्ही मोडली होती आणि दोन्ही टोकं एकमेकांवर चढून तशीच जुळली होती. ते म्हणाले, "हे सैल केल्यानं झालेलं नाही. त्यानं बसवलंच वाकडं. पोटरीचं मांस कप्प्याकप्प्यांत असतं, बाई. वरून आवळलं आणि आत सूज आली की रक्त कोंडतं. आणखी एक दिवस तसंच राहिलं असतं तर पाय गुडघ्यातून काढावा लागला असता. कदाचित तुम्हीही राहिला नसता. तुमच्या आईनं पाय वाचवला."

मी ठरवलं, हे मायला सांगायचं.

पंधरा दिवसांनी माहेरी गेले. माय पीठ मळत होती. मी तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. दोन हाडं, पोटरीचे कप्पे, सगळं. तिचे हात परातीतच थांबले.

"डॉक्टर म्हणला? त्याच्या तोंडानं?"

"हो."

"माझ्या हातानं वाचला म्हणला?"

"हो, माय."

तिनं पिठाच्या हातानंच डोळे पुसले. मग दाराकडं बघून म्हणाली, "एवढं त्याहीला, तुझ्या दादाला सांग. मी सांगितलं तर खरं न्हाई वाटायचं. तू सांग."

"सांगते," मी म्हणाले.

दुपारी दादा जेवायला बसले. गावातला एक म्हातारा त्यांच्या पंक्तीला होता. मायनं मला भाकरी वाढायला लावली. ती मुद्दाम लावली, हे मला कळलं. मी चुलीपासून चालत गेले. दादांनी त्या म्हाताऱ्याला कोपरानं डिवचलं. "पहा, आमच्या बायकोचं डॉक्टरपण."

म्हातारा हसला. माय उठून दारात येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केलेला. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, जसं कोर्टात निकालाकडं बघतात. माझ्या जिभेवर शब्द होते. दादांनी मान वर करून विचारलं, "काय गं? कामून उभी?"

"कालवण आणू का?" मी म्हणाले.

मी तीन दिवस राहिले. दादा सकाळ-संध्याकाळ घरात असायचे. मायनं पुन्हा म्हटलं नाही. ती नुसती, दादा बसले असतील तिथं मला काही ना काही घेऊन पाठवायची. पाणी, सुपारी, पंचा. मी देऊन परत यायचे.

चौथ्या दिवशी ती मला फाट्यावर एसटीला सोडायला आली. गाडी दिसली तशी तिनं माझी पिशवी माझ्या हातात दिली.

"बाई," ती म्हणाली, "तो डॉक्टर खोटं बोलला आसंल. तुला बरं वाटावं म्हणून."

मी तिच्याकडं पाहिलं नाही.

"आसंल," मी म्हणाले, आणि गाडीत चढले.