बारवेचं पाणी पडद्यावर

निजामाच्या राज्यात येडशी स्टेशनावर माझ्या भाड्याच्या बैलगाड्या चालत. वडिलांनी मागे काही ठेवलं नव्हतं; एका बैलजोडीवर मी हे सगळं उभं केलं. सिनेमावाल्यांचं सामान रामलिंगच्या दरीत नेलं तेही माझ्याच गाड्यांनी. त्यांचा कॅमेरावाला आमच्या बारवेवर थांबला. हिरवट पाणी बाटलीत भरून त्यानं उन्हात धरलं आणि म्हणाला, "पौराणिक चित्र आहे. नदी दाखवायचीय. हे नेऊ का?"

फुकट कशाला देऊ? पैसे मागितले नाहीत, त्याहून मोठं मागितलं. तुळजापूरच्या तंबूत खेळ लागला की मला आणि माझ्या पाहुण्यांना पुढच्या खुर्च्या. त्यानं कबूल केलं. भारी सौदा केला, असं मला वाटलं.

बहिणीची सोयरीक तेव्हा जमत आली होती. सिनेमातली गंगा म्हणजे आमची बारव, असं मी मुलाच्या वडिलांना सांगून ठेवलं आणि त्यांना तंबूत घेऊन गेलो.

पडद्यावर नदी आली तसा मी उठून ओरडलो, "ह्येच त्ये! आमच्या बारवंचं पाणी!"

मग नीट दिसलं. काचेसारखे, मिशाळ, गाडीएवढे किडे वळवळत होते आणि पापी माणसं त्यांच्यात बुडत होती. गंगा नव्हे, यमलोकाची वैतरणी. आमच्या पाण्याचा थेंब भिंगाखाली धरून त्यातले जिवंत किडे कॅमेरावाल्यानं टिपले होते.

मागून कुणीतरी म्हणालं, "मालक, घागरभर आमालाबी द्या की!" सगळा तंबू हसला. फक्त मुलाचे वडील हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते सुपारी फोडायला आले. गूळ-पाणी घेतल्याशिवाय आमच्यात बोलणी होत नाहीत. पेला त्यांच्यापुढं तसाच राहिला.

"पाव्हणं, पाणी घ्या."

"आदी तुमी घ्या."

मी भडकलो. "त्यो सिनेमावाला लबाड हाय! जल्मापासनं ह्येच पितोय आमी!"

"मग प्या की."

पेला उचलला, ओठांपर्यंत नेला. त्यात मला त्या मिशा दिसल्या. पुढं हात जाईना.

आतून बहीण आली. पेला तिनं माझ्या हातातून घेतला आणि कुणाकडंही न बघता घटाघटा पिऊन टाकला.

"आन पोरी, मलाबी दे," मुलाचे वडील म्हणाले. सुपारी फुटली.

नदी कुठली, हे कॅमेरावाल्यानं सांगायला पाहिजे होतं. तो राग अजून गेलेला नाही. पण बहीण माहेरी आली की भरला पेला आधी माझ्यापुढं ठेवते. मला तिच्याकडं बघवत नाही.