गाडीमागचे चार दगड

महामार्गावर टायर पंक्चर झालं तेव्हा गाडी निम्मी रस्त्यातच राहिली. मागून येणाऱ्यांना लांबूनच कळावं म्हणून मी वीसेक पावलांवर चार दगड मांडले आणि त्यांवर करंजाची एक फांदी ठेवली. हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. आपल्याकडे रस्त्यावर सगळेच असं करतात.

मी चाक बदलत होतो आणि भरधाव ट्रकसुद्धा त्या फांदीला वळसा घालून जात होते. सिग्नलला न थांबणारी माणसं चार दगडांचं मात्र ऐकतात. दगडांपलीकडे कुणीतरी खरंच अडकलंय, एवढं त्यांना बहुधा पुरतं.

"हात धुवा आधी," म्हणत बायकोनं बाटलीतलं पाणी ओतलं. मग आम्ही निघालो.

दोनेक किलोमीटरवर रस्त्यात तसेच दगड दिसले. फांदी वाळून गेली होती. पलीकडे कुणीच नव्हतं. मी कचकन ब्रेक दाबला आणि पुटपुटलो, "निघताना उचलून ठेवायला काय होतं लोकांना?"

बायकोनं मान वळवून, आम्ही आलो त्या रस्त्याकडे पाहिलं.