फाटलेला आवाज

घोडेगावात लग्न असलं की लाऊडस्पीकर गावातल्या त्या एकाच माईकवाल्याचा. कर्ण्यावर नख वाजवून तो दरवेळी सांगायचा, "करन्याला सोसंल असाच अँप्लिफायर जोडायचा. आपला आवाज कदी फाटत न्हाई."

माझ्या भाचीच्या लग्नात आहेर पुकारायला तोच होता. दुष्काळाचं साल, सख्खा मामा असून मी नुसता खण नेला होता. माझं नाव घेतलं आणि त्यानं माईक हळूच कर्ण्याकडे वळवला. कर्णा असा किंचाळला की आहेर कुणालाच ऐकू गेला नाही. मांडव खवळला. तो खाली मान घालून म्हणाला, "चुकलं. जोडी जमली न्हाई." पुढचा आहेर खणखणीत ऐकू आला.

त्या किंचाळण्यावरून गाव त्याला अजून हसतं. त्या हसणाऱ्यांत मीही बसलेला असतो.