डाव्या सीटवरचं पोतं

हसू नका असं सांगितलं तर तुम्ही आधीच हसाल, म्हणून सांगतच नाही. चहा घ्या आणि माझी फजिती ऐका. ऐकताना एवढंच लक्षात ठेवा, की मी पवनीच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. हो, विज्ञान!

जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि एका साहेबांची बदली गोंदियाला झाली. जाताना त्यांनी आपली जुनी गाडी मला विकली. कोणतं बटण कशाचं, हे ते समजावायला लागले, तर मी त्यांना मध्येच थांबवलं. आयुष्यभर सह्या ठोकणाऱ्या माणसाने मला यंत्र शिकवायचं?

हिवाळा लागला आणि गाडीने रंग दाखवला. सकाळी गार असताना खोकायची, आचके द्यायची, भर चौकात बंद पडायची. थोडी तापली की एकदम शहाणी! मिस्त्रीकडे नेली, तर तिथे पोचेपर्यंत ती तापलेलीच.

"गुरुजी, माह्यापाशी तर मस्त चालून राहिली!" मिस्त्री म्हणाला. तरी त्याने प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला. फरक शून्य. मी त्याला मनातल्या मनात नापास केलं.

माझा साळा विलास दिघोरीला धान पिकवतो आणि एक खडखडी जीप बाळगतो. तो म्हणाला, "भाऊजी, पेट्रोलात पाणी असन." शेजारी म्हणाले, बॅटरी गेली. सगळा ठोकताळ्यांचा कारभार! निरीक्षण करायची अक्कल एकाला तरी असावी की नाही?

मी निरीक्षण केलं. एकटा शाळेत निघालो की गाडी आचके देते. बायको, म्हणजे सुनंदा, शेजारी बसली की मुकाट चालते. फरक कशाचा? डाव्या सीटवरच्या वजनाचा! मी एकटा असलो की गाडी उजवीकडे कलते, कार्बोरेटरमधलं पेट्रोल एका बाजूला साचतं आणि इंजिन अडखळतं. मग तापल्यावर का नाही अडखळत? कारण गार पेट्रोल जड असतं. सांगा, कुठे चुकलं?

लगेच धानाचं एक पोतं आणून डाव्या सीटवर बसवलं. गाडी चालू केली, तर काय सांगू, पाणी वाहावं तशी चालली! पोतं ओढूनताणून सीटवर चढवेपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं, ही बाब मी हिशेबात धरली नाही. मोठ्या शोधाच्या आनंदात एवढं तेवढं राहून जातं.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा आचके. म्हणजे वजन कमी पडतंय! मी आणखी अर्धं पोतं चढवलं. रस्त्यात लोक विचारायचे, "काहो गुरुजी, रोज धान कुठी नेऊन राहिले?" मी उत्तर द्यायचो नाही. कोणाकोणाला गुरुत्वमध्य समजावत बसायचं?

आणि मग सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. भंडाऱ्याला, सकाळी लवकर. नंबर चुकला तर पुढची तारीख थेट उन्हाळ्यात. विलास आईला आदल्या दिवशी आमच्याकडे घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊजी, सकाळी माह्या जीपनं जाऊ."

"तुझ्या जीपने? आईंना दिसायला लागेल, पण कंबर जाईल त्याचं काय?" मी म्हणालो. बिचारा जीप घरी पाठवून बसला.

सकाळी नदीवरून आलेलं धुकं अंगणापर्यंत. पुढे पोतं, मागे तिघं कोंबलेली. किल्ली फिरवली. गाडी खोकली, हादरली, मेली. पुन्हा फिरवली. पुन्हा मेली.

"विलास, पोत्यावर बस!" मी हुकूम सोडला.

"पोत्यावर?"

"वजन लागतं. तुला नाही कळायचं."

तो पोत्यावर चढला. डोकं टपाला टेकलं, मान वाकडी झाली. गाडी फाटकापर्यंत गचके खात गेली आणि बसली.

"अवो, काढा ते पोतं!" सुनंदा ओरडली. "माह्या आईचा नंबर जाईन ना!"

पोतं उतरलं. विलास मागे गेला, सुनंदा पुढे आली. समोरच्या डॅशबोर्डखाली मधोमध एक काळी खुंटी होती. नेहमीसारखी तिने ती बाहेर ओढली, तिला पर्स अडकवली आणि दोन्ही हातांनी स्कार्फ बांधायला लागली. बायकांना कुठेही खुंटी दिसली की झालं! मी किल्ली फिरवली.

गाडी एका झटक्यात चालू! ना खोकला, ना आचका.

"बघा!" मी स्टिअरिंगवर थाप मारली. "पोत्याचं वजन मेलेलं असतं. जिवंत वजनच लागतं!"

गावाबाहेर आलो. सुनंदाने पर्स मांडीवर घेतली आणि गुडघ्याला लागते म्हणून खुंटी आत ढकलली. गाडीने लगेच आचका दिला.

मागून सासूबाईंचा आवाज आला. एका डोळ्याने अजिबात न दिसणाऱ्या, दुसऱ्याने धूसर दिसणाऱ्या सासूबाई!

"सुनंदे, ते काळं काहून आत ढकललं व? बाहेर होतं तवा बरी चालत होती."

सुनंदाने खुंटी ओढली. गाडी सुरळीत. विलासने पुढे वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"भाऊजी, हा चोक हाय चोक! गार गाडीले वढाचा असते!"

स्कूटरला चोक असतो हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं! पण चार चाकांच्या सभ्य वाहनालाही हे असलं स्कूटरसारखं काम असेल, असं वाटलं नव्हतं. खरं सांगतो, त्या वेळी लाजेने मान वर करवेना. भंडारा येईपर्यंत विलास पोट धरून हसत होता, आणि सुनंदा खिडकीबाहेर तोंड करून.

दवाखान्यात मात्र वेळेवर पोचलो. दारातच सिस्टरने विचारलं, "डोळ्याचा पेशंट कोण हाय?"

सासूबाईंनी चाचपडत माझा हात धरला आणि मलाच पुढे केलं.

"याहिले घ्या बाई पयले. मले थोडं तरी दिसते."