देवाच्या तोंडी घातलेली ओळ

मोताळ्यात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. नवरा गेल्यावर मशीनचं काम एका कारागिराकडे दिलं आणि कॉम्प्युटरवर मी स्वतः बसू लागले. आमच्याकडे गिऱ्हाईक फोटो आणतं, मजकूर आणत नाही. "तुम्हीच टाका काहीतरी चांगलं," असं म्हणून चहा प्यायला जातं. वाढदिवसाच्या शुभेच्छा, भावपूर्ण श्रद्धांजली, दुकानाचं उद्घाटन, सगळं मीच लिहिते. ज्यांच्या नावानं लिहिते त्यांतली निम्मी माणसं मी पाहिलेलीही नसतात.

मारोतीच्या सप्ताहाआधी मंदिर समितीचे अध्यक्ष आले. वैतागलेले होते.

"बाई, मागच्या साली लोकंच आले नाईत. महाप्रसादाची भाजी ढोराईले टाका लागली. यंदा कायतरी झणझणीत लिवा."

"मागच्या वेळी 'समस्त गावकऱ्यांना आग्रहाचं निमंत्रण' लिहिलं होतं."

"आमचं निमंत्रण कोन ऐकते? देवाच्या तोंडी टाका ना!"

मी टाकलं. मारोतीचा मोठा फोटो, मागे पिवळा रंग, आणि लाल ठळक अक्षरांत: 'मी तुझी वाट पाहतो आहे. येशील ना?' हे सुचायला एक मिनिटही लागलं नाही. अध्यक्ष खूश झाले. बॅनर बसस्टँडसमोर लागला. मी पुढच्या कामाला लागले.

दुपारी माझ्याकडे एक मावशी येऊन बसायच्या. पलीकडच्या गल्लीत एकट्या राहतात. पूर्वी आठवडी बाजारात भाजी विकायच्या, डोळे अधू झाल्यापासून तेही बंद. पंख्याखाली बसायच्या, मशीनच्या आवाजावर तोंडसुख घ्यायच्या, मी न जेवता काम करते म्हणून मला रागवायच्या. दिवसभरात कामाशिवाय माझ्याशी बोलणारं माणूस तेवढं एकच. त्यांच्या उजव्या डोळ्यानं आता काही दिसत नव्हतं. डाव्यातला मोतीबिंदू पिकला होता. बुलढाण्याच्या शिबिरात ऑपरेशनसाठी नाव लागलं होतं, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की या वेळी चुकवलं तर हाही डोळा हाती राहणार नाही.

शिबिराच्या आदल्या दिवशी त्या आल्या त्या नवं लुगडं नेसून.

"उद्या मी जात नाई वं दवाखान्यात."

"काय झालं?"

"सप्ताह चालू हाये. मारोतीनं बोलावलं मले. सात दिवस सोडून जाऊ काय?"

"बोलावलं म्हणजे?"

"स्टँडवर लिवलं ना! मले अलीकडं कायीच वाचता येत नाई, पन ते वाचता आलं. एवढाले अक्षरं. 'मी तुझी वाट पाहतो.' मी चौथी शिकेल हावो. तिथंच हात जोडले."

मी कीबोर्ड बाजूला सारला. म्हटलं, "मावशी, ते मी लिहिलं."

"हाव, तूच छापत असशीन."

"छापलं नाही, लिहिलं. माझ्या मनानं. या खुर्चीत बसून."

त्या हसल्या. "त्यानं लिवून घेतलं तुयाकडून. तुले काय समजते!"

कितीही खरं सांगितलं तरी ते या उत्तरात मावत होतं. मनात आलं, दुसरा बॅनर काढावा: 'आधी डोळा दाखव, मग ये.' त्यांनी नक्की ऐकलं असतं. कामही झालं असतं. पण एकदा देवाच्या नावानं बोलून हे झालं होतं, ते निस्तरायला पुन्हा त्याच्याच नावानं बोलायचं मला पटेना.

मी त्यांची खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. बॅनरची फाइल उघडली, अक्षरं होतील तेवढी मोठी केली आणि त्यांच्यासमोर ओळ पुसली. त्या जागी लिहिलं, 'मी वाट पाहत नाही.' मारोतीचा चेहरा होता तसाच होता.

त्यांनी नाक स्क्रीनला लागेल इतकं जवळ जाऊन वाचलं. वाचायला वेळ लागला.

"पुस ते," त्या म्हणाल्या.

मी पुसलं.

"मंग मले कोनं बोलावलंच नव्हतं म्हन."

मशीन चालू होतं. कारागीर आमच्याकडे बघत होता, त्याला मी हातानं खूण करून काम करायला सांगितलं.

"डॉक्टरांनी बोलावलंय," मी म्हटलं. "सकाळी सातला गाडी आहे."

"संग मानूस लागते. तेथं लिवून घेतात."

"मी येते."

"तुयं दुकान?"

"बंद ठेवते."

सकाळी त्या पिशवी घेऊन गाडीपाशी उभ्या होत्या. बुलढाण्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसल्या. ऑपरेशन नीट झालं. सप्ताहाचा काला झाला तेव्हा त्या काळा चष्मा लावून घरात होत्या. त्या वर्षी महाप्रसादाला गर्दी बरी झाली, असं अध्यक्ष सांगून गेले.

पुढच्या वर्षी सप्ताहाआधी ते पुन्हा आले. "तेच टाका, लई चाललं ते."

मी नाही म्हटलं. गावाला बोलवायचं असेल तर गावाच्या नावानं बोलवा, खाली समितीचं नाव लिहा, देवाची सही मी करणार नाही.

"आन गाव बोलावते काय कोनाले?" त्यांनी विचारलं. तक्रार नव्हती, खरंच विचारत होते. मग दुसऱ्या दुकानात गेले. तिथं त्यांना हवं ते मिळालं.

मावशींना आता छान दिसतं. भाजी विकत नाहीत, पण स्वतःचं सगळं करतात. माझ्या दुकानात येत नाहीत. "येईन ना," म्हणतात आणि येत नाहीत. मंदिरातही जात नाहीत, हे मला शेजारणीकडून कळलं. मी आठवड्यातून एकदा दुकान बंद करून त्यांच्याकडे जाते. चहा होतो. तूर, वांगी, पाणी कधी येतं, एवढंच बोलणं होतं.

मागच्या वेळी त्या सुपात डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू सांगतलं नसतं तं?"

"डोळा गेला असता, मावशी."

"हाव," त्या म्हणाल्या. एक खडा उचलून उंबऱ्याबाहेर टाकला. "डोळा गेला असता."

मी चहा संपवला. कप विसळून पालथा ठेवला. त्यांनी थांब म्हटलं नाही.