जर्मन कोटाच्या चुण्या

मारोतराव गेल्याचं मला तेराव्यानंतर कळलं. पँट कमरेत सैल करून घ्यायची होती म्हणून दुकानावर गेलो, तर शटर बंद. शेजारचा पानवाला म्हणाला, "टेलर गेले की, सर. पंधरा-वीस दिस झाले." पँट पिशवीत तशीच घेऊन मी घरी आलो.

मारोतराव मूळचे चाकूरचे. नांदेडला आमच्या कॉलेजसमोर त्यांचं दुकान. मी इतिहास शिकवायचो आणि हौसेनं नाटकं बसवायचो. नाटकाचे कपडे त्यांच्याकडंच. त्यांची एक खोड होती. फोटो दिल्याशिवाय कात्री हातात घ्यायचे नाहीत, आणि फोटो दिला की त्याच्याबाहेर एक टाका जायचा नाही.

एका वर्षी दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यावरची एकांकिका घेतली. सहा जर्मन सैनिक, सहा कोट. फोटो मीच एका पुस्तकातून काढून दिला. कोट आले ते खिसे सपाट, एकही चुणी नाही, झाकणं सरळ कापलेली, कॉलर त्याच कापडाची. माझ्या डोक्यात मात्र सिनेमातला रुबाबदार कोट बसलेला. मी पोरांसमोरच भडकलो. "कापड कुठं जिरवलं, मारोतराव?" पोरं खो-खो हसली.

"फोटोत तसंच हाय, सर. खिशाला चुण्याच न्हाईत. एकदा बघा तरी."

मी बघितलं नाही. इतिहासाचा प्राध्यापक मी, मला टेलर शिकवणार? त्यांनी कोट परत नेले, खिसे उसवले, चुण्या घातल्या, गर्द हिरव्या कॉलरी लावल्या.

स्पर्धा लातूरला होती. प्रयोगानंतर परीक्षक म्हणाले, "युद्ध लांबलं तसा कापडाचा नि माणसांचा तुटवडा पडला. चुण्या, वेगळ्या रंगाची कॉलर, सगळं काढून टाकलं होतं. तुमचे कोट सुरुवातीच्या वर्षांतले आहेत." आणि मी चटकन बोलून गेलो, "टेलरची चूक झाली, सर." मारोतराव मागेच होते, एका पोराचं तुटलेलं बटण लावत. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा सुई घातली.

लाज तेव्हाच वाटली होती. पण माफी मागायला तोंड उघडलं नाही. पुढं कित्येक वर्षं कपडे त्यांच्याकडंच शिवले, दिवाळीला चिवडा नेऊन दिला; त्या कोटांचा विषय दोघांनीही काढला नाही. ते विसरले असतील, अशी मी सोयीस्कर समजूत करून घेतली.

परवा त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या लेकीनं, सुनीतानं, चहा दिला. "बाबा तुमचं लई नाव काढायचे, काका. म्हणायचे, जर्मन कोटात माझ्याकडून चूक झाली, पण सरांनी एका शब्दानं दुखवलं न्हाई."

खरं सांगायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "भले होते मारोतराव." आणि चपला शोधू लागलो... साठी उलटल्यावरही खरं बोलायचा धीर झाला नाही.

"पेपरात बाबांवर चार शब्द लिहा," ती दारात म्हणाली.

सुनीता, हे तेच चार शब्द. तुझ्या बाबांनी फोटो बरोबर पाहिला होता. चूक माझी होती. आणि दुखवलंही मीच.